मावा, तंबाखू आणि माझी क्षेत्रवही

जबलपूरहून भोपाळच्या रस्त्याने निघाले की वाटेत शहपुरा तालुका लागतो. कार्तिक सरता सरता इथले शिवार वाटाण्याने भरून जाते. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जबलपूर जिल्ह्यासाठी हिरवा वाटाणाच निवडलेला आहे. ढगाळ हवामान चार दिवस टिकले, की कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसू लागतो आणि आम्हा कीटकशास्त्रज्ञांच्या फेऱ्या वाढतात. चार वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत बांधावर एक वयस्क शेतकरी पातेल्यात तंबाखूचा काढा उकळत बसलेला भेटला. अग्निअस्त्राची कृती त्याने कुठेतरी ऐकली होती. लसूण, मिरची, कडुनिंब या साऱ्यांपेक्षा त्याचा भरवसा तंबाखूवर होता.

मी त्याला समजावू लागलो. वनस्पतिजन्य असले तरी हे विषच आहे, काढा अंगावर सांडू देऊ नये, हातमोजे घालावेत, उकळताना वाफ नाकात जाऊ देऊ नये. तो शांतपणे ऐकत होता. त्याच्या ओठांत विडी होती आणि माझ्या बोटांत सिगारेट. बोलणे संपल्यावर तो म्हणाला, “साहब, जिससे माहू मरता है, वही तो हम दोनों पी रहे हैं।” माहू म्हणजे आपला मावा. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने केवळ एक निरीक्षण नोंदवले होते, आणि ते अचूक होते.

(मराठीत एक गंमत आहे. पिकावरील रसशोषक किडीलाही आपण मावा म्हणतो आणि पानटपरीवर मिळणाऱ्या सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणालाही मावाच म्हणतो.)

शेतकऱ्याचे म्हणणे शास्त्राच्या भाषेत असे मांडता येईल. युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तंबाखूचा अर्क कीटकनाशक म्हणून वापरात होता. पुढे निकोटिन सल्फेट आले. आपल्या देशात त्याच्या वापरावर आता बंदी आहे. किडीच्या चेतासंस्थेत अ‍ॅसिटिलकोलिन नावाचा संदेशवाहक पदार्थ ज्या ग्राहींवर बसतो, त्याच ग्राहींवर निकोटिन बसते. चेतापेशी अतिउत्तेजित होतात, किडीला कंप सुटतो, पक्षाघात होतो आणि ती मरते. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही आजची कीटकनाशके याच ग्राहींवर काम करतात. फरक इतकाच, की ती सस्तन प्राण्यांच्या ग्राहींपेक्षा किडींच्या ग्राहींना अधिक घट्ट चिकटतात. निकोटिन असा भेदभाव करीत नाही.

तंबाखूने हे रसायन आपल्यासाठी घडवलेले नाही. पाने खाणाऱ्यांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी ते आहे. अमेरिकेतील मॅन्ड्युका सेक्स्टा ही अळी तंबाखूची पाने बिनदिक्कत फस्त करते, कारण पोटात गेलेले निकोटिन ती झपाट्याने बाहेर टाकते. ही क्षमता तिच्यात उत्क्रांतीच्या दीर्घ ओघात आली. भारतात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू येऊन चार शतकांच्या आसपासच काळ लोटला आहे. निपाणीच्या सीमाभागासारख्या तंबाखूच्या मुलखात ओल्या पानांची हाताळणी करणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, अशक्तपणा जाणवू शकतो. निकोटिन त्वचेतूनही शरीरात शिरते, हे त्याचे कारण.

हे सारे मला पाठ होते. विद्यार्थ्यांना मी ते फळ्यावर आकृती काढून शिकवीत असे आणि तास संपला की इमारतीच्या मागे जाऊन सिगारेट पेटवीत असे. ज्ञानाने व्यसन सुटत नाही, याचा याहून ठळक पुरावा मला तरी ठाऊक नाही.

मी मूळचा भंडारा जिल्ह्याचा. विडी आमच्याकडे व्यसन म्हणून नव्हे, तर उपजीविका म्हणून घरात आली. आजी सुपात तेंदूची पाने आणि जर्दा घेऊन दिवसभर विड्या वळीत असे. गोंदिया-भंडाऱ्यापासून जबलपूरपर्यंतचा हा सारा पट्टा तेंदूच्या जंगलांचा आणि विडीच्या कारखानदारीचा. विडी छोटी, म्हणून निरुपद्रवी, अशी समजूत इथे आजही ऐकू येते. तेंदूचे पान कागदासारखे सच्छिद्र नसते. विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर मिळते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या भारतव्यापी अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे 6 वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे 8 वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे 10 वर्षांनी घटत असल्याचे दिसले. आपल्याकडे धूम्रपानाने होणाऱ्या मृत्यूंत कर्करोग आणि हृदयविकाराबरोबर क्षयरोगाचाही मोठा वाटा आहे. छातीचा जुना खोकला ‘विडीचाच असेल’ म्हणून अंगावर काढणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

माझा पहिला प्रयत्न एकोणीस दिवस टिकला. एका परिसंवादाच्या मध्यंतरात चहाबरोबर ‘एकच’ घेतली आणि आठवड्याभरात मूळपदावर आलो. दुसऱ्या वेळी मी निश्चय केला नाही, सर्वेक्षण केले. किडीचे व्यवस्थापन करताना आपण प्रथम तिची संख्या मोजतो आणि ती केव्हा, कुठे वाढते ते पाहतो. त्याच क्षेत्रवहीच्या मागच्या पानांवर मी दोन आठवडे प्रत्येक सिगारेटची वेळ, जागा आणि आधीचे काम लिहिले. दिवसाला सरासरी अकरा. त्यांतल्या खऱ्या तलफेच्या तीन-चारच होत्या, सकाळची पहिली आणि जेवणानंतरची त्यांत आली. उरलेल्या सर्व कशाला तरी जोडलेल्या होत्या. चहाची टपरी, लांबलेला दूरध्वनी, शेतातून परत जीपपर्यंत चालत येणे. या जोडलेल्या सिगारेटी प्रसंग बदलताच गळून पडल्या. चहा मी कार्यालयातच मागवू लागलो. जीपमध्ये भाजलेले चणे ठेवले.

तलफेच्या चार मात्र चिवट निघाल्या. त्यांचे गणितही रसायनाचेच आहे. धुरातले निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते. म्हणून पुन्हा हात खिशाकडे जातो. नियमित ओढणाऱ्याच्या मेंदूत या ग्राहींची संख्याही वाढलेली असते आणि ती पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचीड, झोपमोड, कामात लक्ष न लागणे हे सारे मी घरच्यांना आधीच सांगून ठेवले होते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचा च्युइंगम घेतला. विषाला विषाचाच उतारा कसा, असे एका सहकाऱ्याने विचारले. व्यसन लावते ते निकोटिन, पण फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या उद्ध्वस्त करतो तो प्रामुख्याने धूर. हजारो रसायनांचा तो धूर वगळून निकोटिन हळूहळू कमी करता येते. मात्रा आणि प्रवेशाचा मार्ग यांचा विचार आपल्या विषयात आपण रोजच करतो.

एक धोका आमच्या विदर्भातल्या वाचकांसाठी मुद्दाम नोंदवतो. विडी सोडली म्हणून खर्रा धरणारे मी अनेक पाहिले आहेत. त्यात धूर जातो आणि तोंडाचा कर्करोग येतो.

तेव्हा माझे वय त्रेचाळीस होते. ब्रिटनमधील चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेणारा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिशीत धूम्रपान सोडल्यास सुमारे 10 वर्षे, चाळिशीत 9, पन्नाशीत 6 आणि साठीत सोडल्यासही 3 वर्षे आयुष्य परत मिळते. ही आकडेवारी मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवली होती. रोगांच्या भीतीपेक्षा हा हिशेब मला अधिक उपयोगी पडला.

गेल्या हिवाळ्यात शहपुऱ्यात तोच शेतकरी पुन्हा भेटला. विडी सुटलेली नाही. मात्र फवारणीच्या दिवशी तो बंडल घरीच ठेवून येतो. औषधाचा हात तोंडाला लागू नये, ही गोष्ट त्याला पटली आहे. प्रशिक्षणांत आम्ही हे वर्षानुवर्षे सांगतो. 2017 च्या यवतमाळमधील फवारणी-विषबाधेनंतर तर अधिकच आवर्जून सांगतो. तरी पंप पाठीवर आणि विडी ओठांत हे दृश्य काही दुर्मीळ झालेले नाही. त्याने मला विचारले, “आपकी छूट गई?” मी होय म्हणालो आणि राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा 1800-11-2356 हा निःशुल्क क्रमांक बियाण्याच्या रिकाम्या पाकिटावर लिहून दिला. त्याने ते घडी करून विडीच्या बंडलाबरोबरच खिशात ठेवले. फोन केला की नाही, हे मी अद्याप विचारलेले नाही.