माळ्यावर वाइनची खोली? आधी एक आठवडा तापमान मोजा

घर आवरताना माळा रिकामा झाला, की त्याचे करायचे काय, हा प्रश्न येतोच. जुन्या गाद्या गेल्या, पितळेची मोठी भांडी मोडीत निघाली, पाळणा कुणाला तरी देऊन झाला. मग मोबाइलवर एखादा व्हिडिओ समोर येतो. परदेशातल्या घराचा उतरत्या छपराखालचा माळा, लाकडी रॅक, मंद पिवळे दिवे आणि ओळीने आडव्या ठेवलेल्या वाइनच्या बाटल्या. बघता बघता वाटते, आपल्या माळ्यावरही असे काही करता येईल का?

तुम्ही जबलपूरला राहत असाल तर उत्तर असे आहे: करता येईल, पण फक्त रॅक आणि दिवे लावून नाही. रॅक ही सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात सोपी गोष्ट. त्याआधी उन्हाशी दोन हात करावे लागतात. ते केले नाही, तर हौसेने जमवलेल्या बाटल्या एका उन्हाळ्यात वाया जातात.

वाइनला काय लागते?

वाइन बाटलीत भरल्यावरही बदलत राहते. हा बदल सावकाश झाला तर चव मुरते, घाईने झाला तर बिघडते. म्हणून साठवणीसाठी १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान उत्तम मानतात. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते तापमान दिवसरात्र आणि बाराही महिने जवळपास सारखे राहायला हवे. हवेत ५० ते ७० टक्के आर्द्रता, अंधार आणि शक्यतो हादरे नसलेली जागा, एवढ्या बाकीच्या अटी.

बाटली आडवी ठेवायची ती बुचासाठी. आतून ओले राहिलेले बूच फुगलेले राहते आणि हवा आत जाऊ देत नाही. स्क्रू कॅपच्या बाटल्यांना ही अट नाही, त्या उभ्याही चालतात. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक भारतीय वाइन स्क्रू कॅपमध्येच येतात, तेव्हा सुंदर आडव्या रॅकवर खर्च करण्याआधी आपण नेहमी कोणत्या बाटल्या आणतो ते पाहा.

उष्णता वाढली की बाटलीतला द्रव प्रसरण पावतो आणि बूच वर ढकलले जाते. रात्री गारवा आला की द्रव आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. हे रोज घडत राहिले तर वाइनचा ताजेपणा जातो, रंग तपकिरीकडे झुकतो आणि चव शिजवलेल्या फळासारखी लागते. बूच बाटलीच्या तोंडाबाहेर आलेले दिसले किंवा लेबलवर चिकट ओघळ दिसला, तर ती बाटली तापली आहे असे समजा.

तळघरच का, माळा का नाही?

युरोपात वाइन तळघरात ठेवतात, कारण जमिनीखाली काही मीटर गेले की तापमान वर्षभर फारसे हलत नाही. ते त्या गावाच्या वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ स्थिर राहते. फ्रान्सच्या थंड भागात ही सरासरी ११-१२ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे तिथे तळघर खणले की वाइनची खोली जवळजवळ तयारच.

जमिनीच्या पोटात माल राखण्याची ही युक्ती आपल्यालाही नवी नाही. धान्याची पेवे महाराष्ट्रात गावोगावी होती आणि सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच आहेत. पण हळदीला १२ अंशांची गरज नसते. जबलपूरची वर्षाची सरासरी २५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे इथे खोल तळघर खणले तरी ते युरोपइतके गार होणार नाही. फक्त उन्हाळ्याची झळ आणि दिवसरात्रीची चढउतार यांपासून बचाव होईल.

आता माळ्याचा विचार करा. तो तळघराच्या अगदी उलट टोकाला आहे. मे महिन्यात जबलपूरचा पारा ४० च्या वर जातो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. जुन्या कवेलूच्या घरात हवा थोडी खेळते, पण छपरालगतची हवा तापतेच. शिवाय माकडांनी कवेलू सरकवले, की पहिल्या पावसात पाणी आत. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने लेबलांवर बुरशी धरते. डिसेंबरमध्ये दुपार उबदार आणि पहाट कडाक्याची. थोडक्यात, घरात वाइनसाठी सगळ्यात वाईट जागा कोणती असे कुणी विचारले, तर बोट माळ्याकडेच दाखवावे लागेल.

एक पैसाही खर्च करण्याआधी

कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर आणा. आर्द्रता दाखवणारा मिळाला तर आणखी चांगले. चांगल्या वाइनच्या एका बाटलीपेक्षा तो स्वस्तच पडतो. मे महिन्यात तो आठवडाभर माळ्यावर ठेवा आणि रोज दोन्ही आकडे वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात तोच थर्मामीटर तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत ठेवा. त्यानंतर जिन्याखालच्या कोपऱ्यात.

तीन आठवड्यांनी वही उघडलीत की कोणत्या जागेला किती थंड करावे लागेल ते समोर दिसेल. ४० अंशांची जागा १४ वर आणणे आणि ३२ अंशांची जागा १४ वर आणणे यात विजेच्या बिलाचा मोठा फरक आहे, आणि तो फरक दर उन्हाळ्यात भरायचा आहे.

माळाच करायचा ठरले तर

मग एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्ही माळा सजवत नाही, माळ्याच्या आत एक मोठा फ्रिज बांधत आहात. कामाचा क्रमही त्याच हिशोबाने लावा.

पहिले, छप्पर. बाहेरून ऊन परतवणारा पांढरा रंग, चुन्याचा लेप किंवा चायना मोझॅक लावून घ्या. गळती असेल तर ती याच वेळी पूर्ण बंद करा.

दुसरे, उष्णतारोधक थर. भिंती, छत, जमीन आणि दार, सहाही बाजूंनी पफ पॅनेल किंवा थर्माकोलपेक्षा घट्ट एक्सपीएस शीट लागते. एक बाजू सोडली तर बाकीचा खर्च वाया. या थराच्या उष्ण बाजूला, म्हणजे बाहेरच्या अंगाला, बाष्प अडवणारा प्लास्टिकचा पडदा हवा. तो नसेल तर पावसाळ्यातली दमट हवा आत शिरून गार पृष्ठभागावर पाणी धरते आणि थर आतून कुजतो.

तिसरे, थंड करणारे यंत्र. साधा एसी बहुधा १६ अंशांच्या खाली जात नाही आणि हवाही कोरडी करतो. कूलरचा तर विचारच नको. तो उन्हाळ्यात ओल वाढवतो आणि पावसाळ्यात निरुपयोगी ठरतो. वाइनच्या खोलीसाठी वेगळी युनिट्स मिळतात, पण विकत घेण्याआधी बाहेरची हवा किती अंशांपर्यंत असली तर ते चालते, हे माहितीपत्रकात वाचा. थंड देशांसाठी बनवलेले यंत्र आपल्या मे महिन्यात दमून जाते. यंत्राची गरम हवा माळ्यावरच न सोडता घराबाहेर काढावी लागते, हेही गवंड्याला आधी सांगा.

चौथे, वीज. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली तर किती वेळ खोली गार राहील, याचा अंदाज घ्या. उष्णतारोधक थर चांगला असेल तर काही तास निभावतात.

पाचवे, वजन. भरलेली ७५० मिलीची बाटली साधारण १.२ ते १.५ किलोची असते. १०० बाटल्या म्हणजे सव्वाशे ते दीडशे किलो, वर रॅकचे वजन वेगळे. राहत्या खोलीच्या जमिनीसाठी भारतीय मानकांत दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात. भिंतीला लागून उंच रॅक भरला तर अर्ध्या चौरस मीटरवरच हे सगळे वजन येऊ शकते. आणि जुना लाकडी माळा तर गाद्या-भांड्यांच्या हिशोबाने केलेला असतो. इंजिनिअरने पाहिल्याशिवाय त्यावर रॅक चढवू नका.

सहावे कारण खास जबलपूरचे. २२ मे १९९७ च्या पहाटे झालेला भूकंप घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना तो आजही आठवत असेल. नर्मदेच्या खोऱ्यात हा धोका धरूनच चालावे लागते. त्यामुळे रॅक भिंतीत बोल्टने पक्का करा, प्रत्येक कप्प्याला पुढून पट्टी लावा आणि जड बाटल्या खालच्या कप्प्यात ठेवा. रॅकच्या खाली कुणाची झोपायची जागा येत नाही ना, हेही पाहा.

स्वस्त आणि शहाणी वाट

ही यादी वाचून धीर खचला असेल तर बरेच झाले, कारण बहुतेक घरांना एवढ्या खटाटोपाची गरजच नसते. १२ ते २० बाटल्यांचा छोटा वाइन फ्रिज हे काम चोख करतो. फक्त खरेदी करताना एक गोष्ट विचारा: कॉम्प्रेसरवर चालतो की थर्मोइलेक्ट्रिक आहे? थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज आवाज करत नाही, पण आसपासच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच गार होतो. खोली ४० अंशांवर असेल तर तो १४ पर्यंत पोहोचतच नाही. आपल्याकडे कॉम्प्रेसरचाच घ्या आणि तोही माळ्यावर नव्हे, तळमजल्यावरच्या सावलीच्या खोलीत ठेवा.

दोन-चार बाटल्याच असतील आणि महिना-दोन महिन्यांत संपणार असतील, तर घरातला नेहमीचा फ्रिजही चालतो. रेड वाइन पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवली की झाले.

मुळात किती बाटल्या ठेवायच्या, हाही विचार करा. जुनी वाइन म्हणजे चांगली वाइन, हा समज सगळ्याच बाटल्यांना लागू होत नाही. नाशिकच्या परिसरातून येणाऱ्या शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ किंवा रोझे अशा हलक्या वाइन ताज्या असतानाच, वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात. काही निवडक रिझर्व्ह रेड वाइनच चार-पाच वर्षे चांगल्या मुरतात. म्हणजे तुमच्याकडच्या बहुतेक बाटल्यांना तळघर नव्हे, काही महिने सांभाळणारा कोपरा पुरतो. त्यावर आणल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावा आणि आधी आणलेली बाटली आधी उघडा.

कायदा आणि घरातली माणसे

घरात किती बाटल्या ठेवता येतात, हे प्रत्येक राज्याचा अबकारी कायदा ठरवतो. मध्य प्रदेशात १९१५ चा अबकारी कायदा लागू आहे आणि धोरण दरवर्षी नव्याने जाहीर होते. २०२२-२३ च्या धोरणात वर्षाला किमान १ कोटी रुपये उत्पन्न असलेल्यांना ५०,००० रुपये वार्षिक शुल्कात घरगुती बारचा परवाना देण्याची तरतूद आली होती. चालू वर्षाची मर्यादा आणि नियम जिल्हा अबकारी कार्यालयात विचारूनच साठ्याचा आकार ठरवा. १०० बाटल्यांचा रॅक बांधून झाल्यावर ही चौकशी करण्यात अर्थ नाही.

नाशिकला नातेवाइकांकडे गेलात आणि येताना पाच-सहा बाटल्या आणाव्याशा वाटल्या, तर तेही आधी विचारा. दुसऱ्या राज्यात विकत घेतलेल्या बाटल्या परवानगीशिवाय इकडे आणणे गुन्हा ठरू शकतो. पावती जवळ असली म्हणून सुटका होत नाही.

आणि घरात मुले असतील तर कुलूप हवेच. मध्य प्रदेशात मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ आहे. माळ्यावरची बंद खोली किशोरवयीन मुलांना जास्तच खुणावते. घरातल्या ज्येष्ठांना ही कल्पना पटत नसेल, तर रॅकची मापे घेण्याआधी त्यांच्याशी बोला. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे, तेव्हा त्यांची काळजी जुनाट म्हणून उडवून लावता येणार नाही.

मग माळ्याचे काय करायचे?

वाइनची खोली झाली नाही तरी वरच्या यादीतले पहिले काम नक्की करा. होळीनंतर, ऊन चढण्याआधी, छपराला पांढरा लेप लावून घ्या आणि गळती बुजवा. मग मे महिन्यात थर्मामीटर पुन्हा माळ्यावर ठेवा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. माळ्यावर जेवढे अंश उतरतील, तेवढी खालच्या खोल्यांना कमी झळ लागेल. आजी-आजोबांची दुपारची झोप आणि मुलांचा अभ्यास, दोन्हीला त्याचा उपयोग होईल.