बॅटरीची सायकल घेताना मोटर कोणती पाहावी?

पहाटे डेअरीत दूध घालणे, दुपारी शेतावर भाकरी नेणे, रविवारी मिस्साला येणे, ही कामे आपण वर्षानुवर्षे सायकलीवर करीत आलो. पण वय झाले की गुडघे कुरकुरतात, आणि खानापूरकडच्या चढउताराच्या रस्त्यावर भरलेले कॅन घेऊन पायडल मारणे जिवावर येते. म्हणून हल्ली पुष्कळ घरांत बॅटरीच्या सायकलीचा विचार चालू असतो. विचार चांगला आहे. मात्र दुकानात रंग, दिवा आणि किंमत यांचीच बोलणी होतात. मोटर कोणती, हे फार थोडे विचारतात. दुधाच्या पैशातून घेतलेली सायकल पहिल्याच चढावर रखडली तर काय उपयोग? तेव्हा मोटरीविषयी थोडी माहिती येथे देत आहोत.

वॅटच्या आकड्याला भुलू नये

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर 250 वॅटच्या आतली, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, आणि सायकल सरकारमान्य संस्थेने तपासून मंजूर केलेली असेल, तर तिला नोंदणी व लायसन्स लागत नाही. म्हणून बहुतेक सायकलींवर 250 वॅट हाच आकडा दिसतो. आकडा एकच, तरी एक सायकल चढ सहज चढते आणि दुसरी मध्येच दमते. असे का होते?

विहिरीवरच्या पंपात काही अडकले की मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते, आणि वेळीच बंद केली नाही तर वायंडिंग जळते, हे आपण पाहिलेले आहे. वीज येतच असते, पण तिचे काम न होता उष्णता होते. सायकलच्या मोटरीचेही तसेच आहे. जोराचे काम हळू फिरून करावे लागले की ती जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला की वायंडिंगमधली उष्णता चौपट होते. अगदी हळू चढताना बॅटरीतली जवळजवळ निम्मी वीज अशी फुकट जाऊ शकते.

थोडा हिशेब करू. माणूस 60 किलो, सायकल 25 किलो, दुधाचे कॅन 25 किलो, मिळून 110 किलो. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 18 किलोमीटरने जाण्यास सुमारे 100 वॅट लागतात. त्यातले 60 आपले पाय देतात. मोटरीच्या वाट्याला 40 येतात. पण शंभर फुटांत पाच फूट चढ असेल, तर ताशी 10 किलोमीटरनेच जाऊनही सुमारे 180 वॅट लागतात. म्हणजे मोटरीवर 120 वॅटचा, तिप्पट भार येतो, आणि तोही चाक हळू फिरत असताना.

मोटरीचे तीन प्रकार

पहिली, हबमधली बिनगिअरची मोटर. चाक फिरेल तेवढीच ती फिरते. आवाज नाही, झिजण्यासारखे भाग कमी. पण ती जड असते आणि हळू चढावर तापते. सपाट रस्त्यावर राहणाऱ्यांस ती ठीक.

दुसरी, हबमधलीच पण आत लहान दातेरी चाके असलेली. हिच्यात मोटर चाकापेक्षा कित्येक पट वेगाने फिरते, त्यामुळे वीज वाया कमी जाते. वजनालाही हलकी. तिची नायलॉनची दातेरी चाके पुढेमागे झिजतात, ती मिळतात की नाही हे आधी विचारावे. मध्यम चढाला व बेताच्या ओझ्याला ही पुरते.

तिसरी, पायडलच्या आसाजवळ बसणारी. ती चेनमधून जोर देते, म्हणून सायकलच्या गिअरचा फायदा मोटरीलाही मिळतो. मोठ्या चढाला हीच उत्तम. किंमत अधिक, आणि चेन लवकर झिजते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

घेण्यापूर्वी

वॅटबरोबर टॉर्क, म्हणजे पीळ, किती न्यूटन-मीटर आहे ते विचारावे. आपल्या वाटेवरचा सर्वांत कठीण चढ निवडावा, नेहमीचे ओझे लादावे आणि सायकल चालवून पाहावी. वर पोचल्यावर मोटरीच्या कवचाला जपून बोट लावावे. चटका बसला तर ती मोटर आपल्या वाटेची नव्हे. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासाची बॅटरी भरण्यास अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. खरा खर्च बॅटरी बदलण्याचा आहे, आणि तापणारी मोटर तिच्यावर ताण आणते.

आणखी एक. मोटर आली म्हणून पायडल सोडू नये. चढाच्या आरंभीच पाय मारून वेग राखला तर मोटर थंड राहते, आणि आपले हृदय व सांधेही चालते राहतात.

लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असा दृष्टांत आहे. सायकल बुरुजाएवढी मोठी नाही; पण तिच्यात घातलेले पैसेही घामाचेच असतात. तेव्हा दुकानात पाऊल टाकण्याआधी घरी बसून आपला रस्ता, आपले ओझे आणि आपला चढ यांचा हिशेब मांडावा, एवढेच आमचे सांगणे आहे.