वांझ म्हणून खुडलेले फूल



भोपळ्याच्या वेलाला फुले येऊ लागली तरी सुरुवातीचे काही दिवस फळ धरत नाही. फूल उमलते, सुकते आणि गळून पडते. मग कोणीतरी जाणता सांगतो, "ही वांझ फुले, उगाच वेलाची ताकद खातात, खुडून टाका." हा सल्ला पिकाच्या मुळावर येतो. का येतो, हे कळण्यासाठी फूल उघडून पाहिले पाहिजे.

प्रथम दारातल्या जास्वंदीचे फूल घ्या. ते मोठे असल्याने भिंगाची गरज लागत नाही. मात्र एकेरी पाकळ्यांचे घ्यावे. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. देठाजवळ हिरवी वाटी दिसते, तिला निदलपुंज म्हणतात. कळी असताना ती आतल्या नाजूक भागांना झाकते. तिच्या आत पाच पाकळ्या. किडे-पाखरांना बोलावणे हे त्यांचे काम. मधोमध एक लांब नळी बाहेर आलेली असते. तिच्यावर पिवळे दाणे धरलेले बारीक तंतू असतात. ते पुंकेसर, म्हणजे फुलाचा नरभाग. बोट लावले की पिवळी भुकटी लागते, तेच पराग. नळीच्या अगदी टोकाला पाच मखमली टिकल्या असतात. ही कुक्षी, मादीभागाचे तोंड.

आता ती नळी ब्लेडने हलकेच उभी चिरा. आतून एक धागा खाली उतरून तळाच्या फुगीर गोळीला मिळतो. ती गोळी म्हणजे अंडाशय. परागाचा कण कुक्षीवर पडला की त्याला अतिसूक्ष्म नळी फुटते आणि धाग्यातून उतरत अंडाशयातल्या बीजांडापर्यंत पोहोचते. तेथे बी धरते, आणि बी धरू लागले की अंडाशय वाढून त्याचे फळ होते.

भेंडी ही जास्वंदीच्याच कुळातली. तिचे फूल शेजारी ठेवून पाहा, घडण तीच. नर आणि मादी दोन्ही भाग एकाच फुलात असल्याने भेंडीला स्वतःचे परागही चालतात. मधमाशी आली नाही तरी भेंडी लागते.

भोपळ्याचे तसे नाही. येथे दोन भागांची दोन वेगळी फुले असतात, वेल मात्र एकच. ओळखायला सोपी आहेत. पाकळ्यांच्या खाली बोराएवढा इवला भोपळा दिसला तर ते मादी फूल. तो गोळा म्हणजेच अंडाशय. नुसता लांब सरळ देठ असेल तर ते नर. काकडी, कारले, दोडका, दुधी यांचेही बहुधा असेच. वेलावर आधी नर फुले येतात आणि संख्येनेही तीच जास्त असतात. ज्यांना आपण वांझ म्हणतो ती हीच. ती सगळी खुडली तर मागून येणाऱ्या मादी फुलांना पराग कोठून मिळणार? मग इवला भोपळा पिवळा पडून गळतो आणि दोष बियाणाला दिला जातो. भजीसाठी चार फुले अवश्य न्यावीत, पण सगळी नव्हे. युरियाचा मारा झाला तरी पाने आणि नर फुले माजतात, मादी फुले कमी येतात.

भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. ते मधमाशीच नेते. पराग अपुरे पडले तर काही बाजूंचेच बी धरते आणि फळ वाकडे वाढते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व दुपारपूर्वी मिटते. त्या वेळात कीटकनाशक फवारणे म्हणजे आपल्याच मजुराला मारणे. फवारायचेच असेल तर फुले मिटल्यावर, संध्याकाळी फवारावे.

पावसाळी हवेत माश्या फिरकत नाहीत, तेव्हा हे काम हाताने करता येते. सकाळी लवकर नुकतेच उमललेले नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवा. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुले सहज होतात. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांच्या मांडवाखाली दिवस कलल्यावर जावे.