धाव, ताटापर्यंतची

हुबळीहून धारवाडला जाताना जुन्या पुणे-बंगळुरू रस्त्यावर रायापूर लागतं. ‘चिगरी’ बसमधल्या प्रवाशाला तिथे इस्कॉनचं मंदिर दिसतं. त्याच परिसरात ‘अक्षय पात्र’ संस्थेचं स्वयंपाकघर आहे आणि जोडशहरातल्या व आसपासच्या सरकारी शाळांतली लाखाहून अधिक मुलं दुपारी तिथलं अन्न जेवतात. देशातल्या सर्वांत मोठ्या स्वयंपाकघरांत त्याची गणना होते.

इथलं काम पहाटे सुरू होतं आणि वरच्या मजल्यावरून खाली उतरत जातं. तांदूळ-डाळ वर निवडून, धुऊन घेतात. मग ते धान्य पन्हाळीसारख्या नळांतून मधल्या मजल्यावरच्या वाफेच्या कढयांत पडतं. भाताच्या एका कढईत सुमारे शंभर किलो तांदूळ वीस मिनिटांच्या आत शिजतो. सांबाराची भांडी हजार लिटरच्या पुढची असतात. शिजलेलं अन्न तळमजल्यावर स्टीलच्या डब्यांत भरलं जातं, डबे गाड्यांत चढतात आणि शाळांची मधली सुट्टी व्हायच्या आत पोचतात. एक गाडी रस्त्यात अडकली, की कितीतरी शाळांचं जेवण खोळंबतं.

या डब्यांतल्या अन्नाचा काही खर्च धावणाऱ्या माणसांनी उभा केलेला असतो. बंगळुरूची दहा किलोमीटरची शर्यत आणि मुंबई मॅरेथॉन यांत ‘अक्षय पात्र’साठी निधी गोळा करणारे धावपटू उतरत आले आहेत. शर्यतीतला घाम आणि शाळेतलं ताट यांच्यामध्ये नेमकं काय घडतं, याचा हा शोध आहे.

सरकार किती देतं, उरतं किती

मुलांना शाळेत जेवण देण्याची केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. सुरुवातीला अनेक राज्यांत मुलांच्या हाती कोरडं धान्यच पडत होतं. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की जेवण शिजवलेलंच मिळालं पाहिजे. 2002 मध्ये कर्नाटकाने ‘अक्षर दासोह’ या नावाने योजना सुरू केली. या भागात ती लोकांना समजावून सांगावी लागली नाही. हुबळीच्या सिद्धारूढ मठात आल्यागेल्याला जेवू घालण्याची रीत फार जुनी आहे आणि धारवाडच्या मुरुघामठाने गरीब विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करून कितीतरी पिढ्या शिकवल्या. आपल्याकडेही वार लावून जेवत शिकलेल्या माणसांच्या आठवणी घरोघरी सांगितल्या जातात. शिकणाऱ्या मुलाच्या पोटाची काळजी गावाने करायची, ही समजूत कृष्णेच्या दोन्ही तीरांवर सारखीच आहे.

सरकारी हिशेबात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्य मिळतं. जेवणातून लहान मुलाला 450 आणि मोठ्याला 700 कॅलरी मिळाव्यात, असा नियम आहे. धान्य सरकार देतं, शिजवण्याच्या खर्चासाठी ठरावीक रक्कमही देतं. पण इमारत, बॉयलर, गाड्या, इंधन आणि माणसांचे पगार हे सगळं त्या रकमेत बसत नाही. ही तूट देणग्यांतून भरावी लागते. ‘अक्षय पात्र’ने जून 2000 मध्ये बंगळुरूच्या पाच शाळांतल्या 1,500 मुलांपासून सुरुवात केली आणि 2024 मध्ये चार अब्ज जेवणांचा टप्पा ओलांडला. एवढा पसारा दोन-चार धनिकांच्या मर्जीवर चालत नाही. त्याला दरवर्षी, न चुकता, थोडं थोडं देणारी पुष्कळ माणसं लागतात.

वर्गणीवर धावलेली माणसं

धावणं आणि वर्गणी यांचं नातं आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी उलट्या दिशेने सुरू झालं. 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांचं लक्ष काही शेतकरी पोरांकडे गेलं. ती अनवाणी धावत होती, शास्त्रशुद्ध सराव त्यांना ठाऊक नव्हता, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. यांना ऑलिम्पिकला पाठवायचं, असं दोराबजींनी ठरवलं. सरकारकडून काही रक्कम मिळाली, लोकांनी वर्गणी दिली आणि मोठा वाटा दोराबजींनी स्वतः उचलला.

1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकला गेलेल्या त्या छोट्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचा तिथला मार्ग नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरचा होता. चौगुल्यांनी तो 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पूर्ण केला आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. तेव्हा बेळगाव आणि धारवाड दोन्ही मुंबई इलाख्यात होते. दहा जणांनी खिशात हात घातला म्हणून या मुलखातला एक माणूस बेल्जियमपर्यंत धावायला जाऊ शकला. आज धावणारा दहा जणांना खिशात हात घालायला लावतो आणि तो पैसा शाळेतल्या मुलाकडे जातो. दोन्ही वेळी पैसा देणाऱ्याचा विश्वास बसला तो घाम गाळणाऱ्या माणसावर.

धावणाऱ्याच्या शब्दाची किंमत

धावण्यातून निधी उभा राहतो हे जगाला ठसठशीतपणे दाखवलं टेरी फॉक्सने. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला हा तरुण 12 एप्रिल 1980 रोजी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून कृत्रिम पाय लावून निघाला. प्रत्येक कॅनेडियन माणसाने कर्करोगाच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, एवढंच त्याचं मागणं होतं. 143 दिवस आणि 5,373 किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसात पसरला आणि त्याला थांबावं लागलं. जून 1981 मध्ये तो गेला. पण त्याआधीच निधी दोन कोटी चाळीस लाख डॉलरांवर पोचला होता, म्हणजे माणशी एक डॉलर जमला होता.

त्याच वर्षी, 29 मार्च 1981 रोजी लंडन मॅरेथॉन सुरू झाली आणि पुढे या प्रकाराला पक्की व्यवस्था मिळाली. तिथे सेवाभावी संस्था शर्यतीतल्या काही जागा विकत घेतात आणि ठरलेली रक्कम जमवण्याचं वचन देणाऱ्या धावपटूला त्या देतात. पंजाबातून इंग्लंडला गेलेले फौजासिंग 2000 साली, वयाच्या 89 व्या वर्षी, अशाच एका संस्थेसाठी लंडनला धावले. त्या संस्थेचं काम अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी होतं.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन 15 फेब्रुवारी 2004 रोजी पहिल्यांदा झाली. 2018 पासून तिच्या नावात टाटा आहे, म्हणजे दोराबजींच्या घराण्याचं नाव शंभर वर्षांनी पुन्हा मॅरेथॉनशी जोडलं गेलं. निधीची बाजू ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था सांभाळते. शेकडो स्वयंसेवी संस्था त्यात नाव नोंदवतात आणि अलीकडच्या काही वर्षांत एकेका शर्यतीतून 40 कोटींहून अधिक रुपये उभे राहिले आहेत. कुणी संस्थेला देणगी देऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घेतो, कुणी कंपनीच्या गटातून उतरतो, तर कुणी ओळखीपाळखीच्या लोकांकडून रक्कम जमवतो.

या तिसऱ्या माणसाचं काम सर्वांत अवघड. मराठी मध्यमवर्गीय माणसाला दुसऱ्याकडे पैसे मागणं जिवावर येतं. शर्यत त्याची ही अडचण सोडवते. नात्यातल्या, ऑफिसातल्या, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर तो लिहितो, की जानेवारीत मी एकवीस किलोमीटर धावणार आहे, तुम्ही एका मुलाच्या वर्षभराच्या जेवणाचा खर्च उचला. ही रक्कम गेल्या काही वर्षांत दीड हजारांच्या आसपास राहिली आहे. वाचणाऱ्याला ठाऊक असतं, की हा पहाटे पाचला उठून धावतोय, त्याचे गुडघे दुखतायत आणि तरी तो थांबलेला नाही. मागणाऱ्याने आधी स्वतःचं काही दिलं आहे, हे दिसल्यावर देणाऱ्याचा हात सैल होतो. सोबत प्राप्तिकरातल्या सवलतीसाठी पावती मिळते, तीही उपयोगी पडते. पण पहिला धक्का देतो तो धावणाऱ्याचा शब्द.

परदेशातल्या भारतीयांमध्येही हे रुजलं आहे. 1991 मध्ये बर्कलीत सुरू झालेल्या ‘आशा फॉर एज्युकेशन’ने कॅलिफोर्नियात मॅरेथॉनचं प्रशिक्षणच निधीशी जोडलं. सराव संस्थेने करून घ्यायचा आणि धावणाऱ्याने भारतातल्या शाळांसाठी रक्कम उभी करायची, असा तो करार आहे.

पैसा कुठे पोचतो ते पाहायला हवं

धावणाऱ्याच्या शब्दावर पैसा येतो, म्हणूनच त्याच्यावर एक जबाबदारी येते. देणारा बहुतेकदा संस्था पाहत नाही, मित्राचा चेहरा पाहून देतो. मग संस्थेची चौकशी करायची कुणी? ती धावणाऱ्यानेच केली पाहिजे.

रायापूरच्याच स्वयंपाकघराचं उदाहरण घेऊ. ‘अक्षय पात्र’च्या जेवणात कांदा, लसूण आणि अंडं नसतं. कर्नाटकात अन्नाच्या हक्कासाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी यावर जोरदार आक्षेप घेतला. मुलांना सवयीची चव मिळत नाही, ती कमी जेवतात आणि गरीब मुलाला अंड्याची सर्वाधिक गरज असते, असं त्यांचं म्हणणं. संस्थेचं म्हणणं, की पोषणाचे सरकारी निकष जेवण पुरे करतं. दुसरा प्रश्न गावातल्या बायकांचा. शाळेतच स्वयंपाक झाला तर दोन-चार जणींना काम मिळतं आणि अन्न गरम गरम वाढलं जातं. मोठ्या स्वयंपाकघरात स्वच्छता आणि वेळ काटेकोर पाळता येते, शिक्षकाच्या मागचा धान्या-लाकडाचा ताप वाचतो. दोन्हीकडे तथ्य आहे. या संस्थेसाठी धावणाऱ्याने या दोन्ही बाजू जाणून घ्याव्यात, एकदा शाळेत जाऊन मुलांच्या पंगतीशेजारी उभं राहावं आणि मगच लोकांपुढे हात पसरावा, असं मला ठामपणे वाटतं.

मोठ्या शर्यतींत आणखी एक अन्याय नकळत होतो. जिच्याकडे इंग्रजीतून मांडणारी माणसं आणि कंपन्यांत ओळखी आहेत, त्या संस्थेला पैसा मिळतो. खानापूरच्या जंगलपट्टीत किंवा कलघटगीच्या खेड्यात मुलांसाठी काम करणारी छोटी संस्था मुंबईच्या यादीपर्यंत पोचतच नाही. तिला तिच्याच भागातले धावणारे हवेत.

आणि ते मिळू शकतात. हुबळी ते धारवाड हे अंतर साधारण वीस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ अर्धी मॅरेथॉन, आणि रायापूर त्याच वाटेवर आहे. दोन्ही शहरांत कॉलेजं आहेत, तरुण आहेत, कन्नड-मराठी दोन्ही बोलणारी घरं आहेत. इथे निधीसाठी जी शर्यत होईल तिने नोंदणी शुल्कातलं किती मंडप-पाणी-टी-शर्टवर जाईल आणि किती मुलांपर्यंत, हे आधी जाहीर करावं. शाळांची नावं सांगावीत. वर्षाने हिशेब कन्नड आणि मराठी वर्तमानपत्रांत छापावा आणि धावलेल्यांना त्याच शाळांत जेवायला बोलवावं. चौगुल्यांना वर्गणी देणाऱ्यांना आपला पैसा कुठे गेला ते एका माणसाच्या पायांत दिसलं होतं. आजच्या देणगीदाराचाही तेवढाच हक्क आहे आणि तो त्याला मिळवून देणं, हे धावणाऱ्याचं पदकाइतकंच महत्त्वाचं काम आहे.