जर-तरचा इतिहास (भाग ७) : राष्ट्रपतिपदाच्या रिंगणात एक जनरल

या आठवड्याचे ‘जर’ असे आहे : १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तिसरे प्रमुख उमेदवार चिंतामणराव देशमुख नसून जनरल करिअप्पा असते, तर?

देशमुखांच्या जागी दुसरा माणूस उभा करायचा म्हणजे आपल्या भागातल्या वाचकांना ते थोडे जड जाणार, हे मी जाणतो. देशमुख आपल्याच जिल्ह्याचे. महाडजवळच्या नाते गावात १८९६मध्ये जन्मलेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे नेहरूंचे अर्थमंत्री. पहिल्या लोकसभेत ते कुलाबा मतदारसंघातून निवडून गेले आणि १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. असा माणूस राष्ट्रपतिपदाला उभा होता हे पनवेल-अलिबागकडच्या नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते, याची मला खंत आहे. पण आजचा प्रश्न त्यांच्यापुरता नाही. पक्षाबाहेरच्या मोठ्या माणसाला आपल्या राज्यघटनेत त्या पदापर्यंत जायला वाट आहे का, हा तो प्रश्न आहे. गणवेशातला माणूस समोर ठेवला की तो अधिक स्पष्ट दिसतो.

आधी घडले ते पाहू. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डींना उमेदवारी दिली. इंदिरा गांधींनी त्यांच्या अर्जावर सही केली आणि नंतर मात्र आतल्या आवाजाला स्मरून मत द्या, असे आपल्या आमदार-खासदारांना सांगितले. त्यांचा कल व्ही. व्ही. गिरींकडे होता. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने देशमुखांना पाठिंबा दिला. १६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीची मते अशी पडली : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. ती कोणालाच मिळाली नाहीत, म्हणून दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. शेवटचा आकडा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

आता देशमुखांच्या जागी करिअप्पा ठेवू. कायद्याची काहीच अडचण नव्हती. घटनेच्या ५८व्या कलमानुसार उमेदवार भारताचा नागरिक हवा, वय ३५ पूर्ण हवे, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता हवी आणि सरकारी लाभाचे पद नको. करिअप्पा १५ जानेवारी १९४९ रोजी पहिले भारतीय सरसेनापती झाले, १९५३मध्ये निवृत्त झाले आणि नंतर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये उच्चायुक्त होते. १९६९मध्ये ते सत्तरीचे होते. अर्ज भरणेही तेव्हा सोपे होते. दहा सूचक आणि दहा अनुमोदकांची अट १९७४मध्ये आली. १९६९च्या निवडणुकीत तब्बल १५ उमेदवार होते.

खरी अडचण मतदारांची. १९५२मध्ये जनरल आयझेनहॉवर अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले ते घराघरातल्या मतदाराने त्यांना मत दिले म्हणून. युद्ध जिंकलेल्या सेनापतीबद्दल गावागावांत आदर असतो आणि तो तिथे थेट मतपेटीत उतरतो. आपल्याकडे तो आदर मतपेटीपर्यंत पोचतच नाही. राष्ट्रपती निवडतात खासदार आणि आमदार. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते आणि महाराष्ट्राच्या आमदाराचे १४६. १९६१च्या जनगणनेतल्या राज्याच्या लोकसंख्येला २७० आमदारांनी भागायचे आणि मग हजाराने, असा तो हिशेब. तेव्हा पनवेलचे आमदार होते शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील. पनवेल तालुक्यातल्या साऱ्या शेतकऱ्यांचे, मिठागरातल्या मजुरांचे आणि कोळ्यांचे राष्ट्रपती निवडण्यातले वजन त्या एका मतात होते. (आता हे मूल्य १७५ आहे, तेही १९७१च्या लोकसंख्येवर. आजचे पनवेल पाहता हा आकडा किती जुना झाला आहे, हे वेगळे सांगायला नको.)

आमदार मत देताना पक्षाकडे पाहतो, आपल्या नेत्याकडे पाहतो. १९६९च्या ऑगस्टमध्ये त्याने आणखी एका गोष्टीकडे पाहिले असते. त्याच वर्षी २५ मार्चला पाकिस्तानात अयुब खान पायउतार झाले आणि सत्ता दुसऱ्या सेनापतीच्या, याह्या खानच्या हाती गेली. अयुब खाननेही जानेवारी १९६५मध्ये अध्यक्षपदाची ‘निवडणूक’ लढवली होती. मतदार होते ८०,००० निवडक प्रतिनिधी आणि समोर होत्या फातिमा जिना. सीमेपलीकडचे हे चित्र ताजे असताना दिल्लीत एका निवृत्त सरसेनापतीने अर्ज भरला असता, तर सेंट्रल हॉलमध्ये पहिली कुजबुज काय झाली असती, याचा अंदाज करणे अवघड नाही. करिअप्पांच्या देशनिष्ठेवर कोणी बोट ठेवू शकत नव्हते. तरीही पदाचा प्रश्न आला की माणसाच्या चारित्र्याआधी पायंड्याचा विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा.

म्हणून माझा निष्कर्ष, काही वाचकांना उलटा वाटला तरी, असा आहे : करिअप्पा उभे राहिले असते तर फायदा गिरींचाच झाला असता. रेड्डींच्या गटाने दुसऱ्या पसंतीसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाशी बोलणी केली, हाच इंदिरा गांधींच्या बाजूचा मोठा प्रचाराचा मुद्दा होता. देशमुखांसारख्या विद्वान, सौम्य माणसाच्या नावावरही तो चालला. तीच देवाणघेवाण एका जनरलशी झाली असती, तर काठावरचे कितीतरी काँग्रेस खासदार गिरींकडे सरकले असते. पहिल्या मोजणीत गिरींना कमी पडली १६,६५४ मते, म्हणजे २९ खासदार. एवढे सरकले असते तर दुसऱ्या पसंतीची मोजणी करावीच लागली नसती.

आणि समजा, करिअप्पाच निवडून आले असते? इथे मला खरी काळजी वाटते. ७४वे कलम तेव्हा मोघम होते. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे, हे शब्द त्यात १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आले. स्वतः राजेंद्रप्रसादांनी १९६०मध्ये राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असे जाहीर भाषणात सुचवले होते. ५३वे कलम तर सेनादलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे देते. नागरी राष्ट्रपतीच्या हाती ते नावापुरते राहते. पण ज्याने प्रत्यक्ष सेना चालवली आहे, त्याच्या हाती? जून १९६९पासून सॅम माणेकशा लष्करप्रमुख होते. १९७१च्या एप्रिलमध्ये पूर्व पाकिस्तानात लगेच शिरायचे की थांबायचे, हा वाद पंतप्रधान आणि लष्करप्रमुख यांच्यात झाला आणि थांबायचे ठरले. राष्ट्रपती भवनात पहिले सरसेनापती बसलेले असते तर त्या खोलीत तिसरे मतही आले असते, आणि त्या मताचा मान ठेवायचा की घटनेचा, हे संकट माणेकशांवर ओढवले असते. त्यातून बंड झाले असते असे मला वाटत नाही. पण सल्ला कुणी द्यायचा आणि ऐकायचा कुणी, याची रेषा तिथेच पुसट होऊ लागली असती.

करिअप्पा निवडणुकीत उतरले, पण ते १९७१च्या लोकसभेच्या. ईशान्य मुंबईतून, शिवसेनेच्या पाठिंब्यावर. तिथे मतदार थेट होते, रस्त्यावरचे होते. तरीही काँग्रेसचे राजाराम कुलकर्णी निवडून आले आणि जनरल हरले. सैनिकाबद्दलचा जिव्हाळा आणि मत या दोन गोष्टी मतदार वेगळ्या ठेवतो, हे मुलुंड-घाटकोपरच्या पट्ट्याने तेव्हा दाखवून दिले.

सैन्यात नेतृत्व केलेली व्यक्ती राष्ट्रपतिपदाला खरोखर उभी राहिली ती २००२मध्ये. आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी रेजिमेंटच्या प्रमुख कॅप्टन लक्ष्मी सहगल. वय ८७, पेशाने डॉक्टर, उमेदवारी डाव्या पक्षांची. समोर ए. पी. जे. अब्दुल कलाम. कलामांना ९,२२,८८४ मते मिळाली, सहगलांना १,०७,३६६. हा आकडा देशमुखांच्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. तेहेतीस वर्षांचे अंतर, एक अर्थतज्ज्ञ आणि एक सेनानी, पण दोघांच्याही पदरात पडले ते मुख्यतः पाठिंबा देणाऱ्या पक्षांचे बळ. सिंगापुरात १९४३मध्ये हाती बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या बाईंबद्दल काँग्रेसच्या, भाजपच्या, शिवसेनेच्या आमदारांना आदर नव्हता असे कोण म्हणेल? तो आदर मतपत्रिकेवर उतरवायला मात्र त्यांच्या पक्षांनी जागाच ठेवली नव्हती.

पुढील भागात : १९६१मध्ये मावळते लष्करप्रमुख थिमय्या यांच्या शिफारशीप्रमाणे कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात लष्करप्रमुख झाले असते, तर १९६२चे युद्ध कसे लढले गेले असते?