पत्र्याची बांसरी

'टिन व्हिसल' हें नांव ऐकतांच जत्रेंतल्या पिपाणीची आठवण व्हावी, हें स्वाभाविक आहे. परंतु आज मी ज्या वाद्याविषयीं बोलणार आहें तें खेळणें नव्हे. आयर्लंडांत त्यावर नृत्याच्या चाली वाजविणारे नामांकित वादक होऊन गेले. क्लेअर परगण्यांतील डूलिनचे मायको रसेल (१९१५–१९९४) हे त्यांपैकींच एक.

हें वाद्य आज जरी आयरिश म्हणून ओळखलें जात असलें, तरी त्याचा पहिला मोठा कारागीर इंग्रज होता. सफोक परगण्यांतील रॉबर्ट क्लार्क नांवाच्या शेतमजुरानें १८४३ सालीं कथील चढविलेल्या लोखंडी पत्र्याची गुंडाळी करून या शिट्या बनविण्यास आरंभ केला. पुढें आपलीं हत्यारें हातगाडीवर घालून तो पायीं मँचेस्टरला गेला, असें सांगतात. पत्रा स्वस्त, म्हणून वाद्यही स्वस्त. गरिबाच्या खिशांत तें सहज गेलें. अजूनही हार्मोनियमच्या किंमतीच्या मानानें त्याची किंमत नगण्य आहे.

आपल्या बांसरींत फुंक कोठें व कशी आपटावी हें ओठांनीं ठरवावें लागतें. येथें तोंडाशीं ठोकळा बसवून फुंकेला अरुंद वाट करून दिलेली असते. वारा त्या वाटेनें जाऊन पुढील खिडकीच्या धारेवर दुभंगतो आणि नळींतील हवा कंप पावूं लागते. त्यामुळें पहिला सूर पहिल्याच मिनिटाला निघतो. बांसरी शिकणाऱ्याला हा आनंद मिळण्यास कित्येक दिवस लागतात! पण या सोपेपणांतच फसगत आहे. ओठांना कांहीं करावयाचें उरत नाहीं, म्हणून सारा भार श्वासावर पडतो. तींच बोटें तशींच ठेवून हळू फुंकलें तर खालचें सप्तक, जोरानें फुंकलें तर वरचें. शिटी आणल्यापासून आठवड्याच्या आंत पुष्कळजण ती कपाटांत टाकतात, तें याच ठिकाणीं अडून. खालचा सूर हवा असतो आणि किंचाळी निघते. घरचीं माणसें कंटाळतात, शेजारी विचारूं लागतात.

याचीं कारणें दोनच. एक, फुंक जास्त. खालच्या सुरांना काच धुसर करण्याइतकीच ऊब पुरते. दुसरें, छिद्र नीट मिटलेलें नसतें. बोटाचें टोक टेकवूं नये. पेराचा मांसल भाग सपाट ठेवावा, आणि दाबूं तर मुळींच नये. डाव्या हाताचीं तीन बोटें वर, उजव्याचीं तीन खालीं. प्रथम वरचें एकच छिद्र मिटून सूर लांबवावा. मग दोन, मग तीन. हे तीन सूर स्वच्छ झाल्यावांचून उजवा हात लावूं नये. चौथें बोट टेकतांच सूर फाटला, तर दोष बहुधा चौथ्याचा नसतो. उजवा हात येतांच डाव्याचें तिसरें बोट सरकलेलें असतें.

आतां स्वरांविषयीं. साही छिद्रें मिटून निघणारा सूर षड्ज मानला, तर तळापासून एकेक बोट उचलीत जातां बिलावलाचे शुद्ध स्वर मिळतात. परंतु बांसरीप्रमाणें वरचीं तीन मिटून षड्ज धरला, तर सगळीं छिद्रें उघडल्यावर तीव्र मध्यम येतो. म्हणजे यमन आयता हातीं लागला! तेथून पंचमावर जातांना मात्र साही बोटें एकदम पडावीं लागतात, आणि ती उडी साधण्यास वेळ लागतो. शुद्ध मध्यमासाठीं पहिलें छिद्र उघडें ठेवून दुसरें व तिसरें मिटावें. तळाचें एकच छिद्र उघडून येणारा सूर षड्ज मानल्यास काफीचे स्वर मिळतात, आणि पुष्कळशा आयरिश चाली याच स्वरांत बांधलेल्या आहेत. म्हणून त्या आपल्या कानांना फारशा परक्या वाटत नाहींत.

एकच सूर लागोपाठ दोनदां आला, तर आयरिश वादक बरेचदां जीभ न लावतां वरचें एखादें बोट क्षणभर उचलून दोन्ही सूर वेगळे करतात. आपल्या कणस्वराचें हें भावंडच. नृत्याच्या चालींत थांबा नसतो. मग श्वास कोठें घ्यावयाचा? एखादा बिनमहत्त्वाचा सूर गाळून. कोणता गाळावा, हें कागदावरून कळत नाहीं. चाल आधीं गुणगुणतां आली पाहिजे. मी तर म्हणेन, चाल गळ्यांत बसेपर्यंत शिटी हातांतच घेऊं नये.

थोडा वेळ वाजविल्यावर आवाज घोगरा झाला, तर वाद्य बिघडलें असें समजूं नये. श्वासाची वाफ थंड पत्र्याला लागून अरुंद वाटेंत पाणी सांचतें. खिडकीवर बोट ठेवून जोरानें एकदां फुंकावें, कीं वाट मोकळी होते. थंडीच्या दिवसांत आरंभापूर्वीं शिटी मुठींत धरून जरा ऊब द्यावी.