समुपदेशक घडतो तो ओपीडीत

रेवस बंदरातून लाँच सुटली की थेट मुंबईचा भाऊचा धक्का. समोर धरमतर खाडीच्या मुखापलीकडे उरणचे करंजा. महानगर इतके जवळ असले तरी रेवस-बोडणी पट्ट्यातल्या एखाद्या खलाशाची मधुमेहाची गोळी रोज वेळेवर पोटात जाईलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. नमुन्यादाखल पन्नाशीतला एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. केसपेपरवर दर वेळी रक्तातील साखर वाढलेली दिसते. डॉक्टर विचारतात, ‘गोळ्या घेतोस का?’ तो मान डोलावतो. डॉक्टर डोस वाढवतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

खरे कारण कुणी शांतपणे विचारले तर बाहेर येते. बोट काही दिवस समुद्रातच असते. जाळे ओढायच्या घाईत जेवणाची वेळ टळते. गोळी घेऊन उपाशी राहिले की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बोटीच्या काठावर अशी चक्कर आली तर माणूस पाण्यात जाईल. म्हणून समुद्रावर असताना तो गोळीच घेत नाही. यात अडाणीपणा नाही, जीव वाचवण्याचा हिशेब आहे. साखर एकदम खाली न आणणारे औषध निवडणे, वेळा बदलणे, खिशात साखर-गूळ ठेवणे असे उपाय डॉक्टरांपाशी असतात. पण कारणच कळले नाही, तर वाढवलेला डोस उद्या घातक ठरू शकतो.

हे कारण शोधून डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे, ही ‘आरोग्य मानसशास्त्र’ या शाखेची कामगिरी. मानसशास्त्र म्हटले की आपल्याला मनोरुग्णालय आठवते. ही शाखा मात्र शरीराच्या आजारात मन कसे वागते ते पाहते. क्षयरोगी बरे वाटताच औषध का सोडतो, डायलिसिसचा रुग्ण पाण्यावरचे बंधन का मोडतो, हृदयविकाराच्या झटक्यानंतर माणूस जिना चढायला का घाबरतो, हे तिचे प्रश्न. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले की आजाराकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी पाहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात. म्हणजे हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही.

कागदावरची इंटर्नशिप

हे काम करणारी माणसे घडायची कुठे? मानसशास्त्रात एमए करणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. इथेच गाडी अडते. रुग्णालयात जागा थोड्या, मागणी मोठी. मग काही आठवड्यांची, शुल्क भरून करायची, बहुतांश संगणकाच्या पडद्यावरची ‘इंटर्नशिप’ पदरात पाडून घेतली जाते. प्रमाणपत्र मिळते, पण समोर रडणारा, चिडलेला किंवा गप्प बसलेला रुग्ण विद्यार्थ्याने पाहिलेला नसतो. पदवी हाती आल्यावर पहिला खरा रुग्ण भेटतो, तेव्हा शेजारी शिकवणारे कुणी नसते. या कच्चेपणाची किंमत रुग्ण मोजतो.

कायद्याची चौकट आता हळूहळू घट्ट होते आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण आवश्यक असते. इतर मानसशास्त्रज्ञ व वर्तनविषयक आरोग्यसेवक २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत आले. त्या कायद्यात ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घेण्यासाठी किमान ३६०० तासांचा अभ्यासक्रम अपेक्षित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्याखालील अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. रुग्णाशी वागणे घरबसल्या शिकता येत नाही, हे त्यामागचे सरळ कारण.

ब्रिटनमध्ये ‘हेल्थ सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद कायद्याने संरक्षित आहे. तेथील नेहमीच्या मार्गाने जाणाऱ्याला पदव्युत्तर शिक्षणानंतर दोन वर्षांइतके काम देखरेखीखाली करावे लागते. आपल्याकडे तेवढे उद्याच शक्य होणार नाही. दिशा मात्र तीच हवी.

मनोरुग्ण विभागाबाहेरचे शिक्षण

प्रत्यक्ष प्रशिक्षण म्हणजे मनोरुग्णालयातला मुक्काम, असा समज रूढ आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील जुन्या मनोरुग्णालयांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तीव्र मानसिक आजार ओळखायला तिथेच शिकता येते. पण आरोग्य मानसशास्त्राचा रुग्ण तिथे येतच नाही. तो मेडिसिनच्या ओपीडीत, क्षयरोग कक्षात, गरोदर मातांच्या तपासणीच्या रांगेत बसलेला असतो.

मशेरीचेच पाहा. किनाऱ्यावरच्या अनेक बायका दात घासायच्या निमित्ताने दिवसातून चार-पाच वेळा भाजलेली तंबाखू हिरड्यांना लावतात. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या एका पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आढळली. ती पाहणी २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. अशा बाईला ‘तंबाखू खाता का?’ विचारले, तर ती ‘नाही’ म्हणते आणि तिच्या दृष्टीने ते खरेच असते. मशेरी ही तिच्या लेखी तंबाखू नव्हेच. ‘दात कशाने घासता?’ असे विचारले की उत्तर मिळते. हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतो. तो नर्सताईंकडून, आशाताईंकडून आणि रांगेतल्या बायकांकडून शिकायचा.

भाषेचेही तसेच. विद्यार्थ्याने नैराश्य आणि चिंता इंग्रजी पुस्तकातून शिकलेली असते. ‘मला नैराश्य आले आहे’ असे रुग्ण क्वचितच म्हणतो. ‘डोके जड झालेय’, ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘हातापायातली ताकदच गेली’, ‘कशात मन लागत नाही’ असे तो सांगतो. आगरी-कोळी बोलीत तेच आणखी वेगळ्या शब्दांत येते. त्यातले काय मनाचे, काय रक्तक्षयाचे आणि काय थायरॉइडचे, हे ओळखायला डॉक्टरांच्या शेजारी बसावे लागते. छातीतली प्रत्येक धडधड ‘टेन्शन’च्या खात्यात टाकणारा समुपदेशक धोकादायक असतो.

चूक दाखवणारे कुणीतरी हवे

नुसते रुग्णालयात पाठवून भागत नाही. विद्यार्थ्याला कोपऱ्यात बसवून केसपेपर भरायला लावले, तर ते प्रशिक्षण नव्हे, फुकटची मदत झाली. उलट पहिल्याच आठवड्यात एकट्याला समुपदेशनाला बसवणे हा रुग्णावर अन्याय. आधी पाहणे, मग वरिष्ठांसमोर करणे, नंतर एकट्याने करून त्यांना दाखवणे, अशा पायऱ्या हव्यात.

देखरेखीने काय साधते याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. ‘संगत’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार त्यांनी दिला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून सावरले होते. हे समुपदेशन न मिळालेल्या गटात ते प्रमाण ३९ टक्के होते. या समुपदेशकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण होत असे. गटात बसून ते एकमेकांच्या मुलाखती ऐकत, गुण देत, कुठे घाई झाली आणि कुठे उपदेश झाला ते सांगत. तज्ज्ञांचेही लक्ष असे. पदवी नसलेल्यांना जे नियमित देखरेखीमुळे जमले, ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जमू नये असे काहीच नाही. मात्र देखरेख वगळून कुणालाच जमणार नाही.

गुप्ततेचा प्रश्न गावात अधिक नाजूक असतो. बोडणीची विद्यार्थिनी आणि बोडणीचाच रुग्ण, एकमेकांच्या घरात जाणे-येणे, अशा वेळी रुग्ण दुसऱ्याकडे सोपवायचा असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर कुणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर ती गोष्ट पोटात ठेवायची नसते. त्याच दिवशी, त्याच तासाला वरिष्ठांना कळवायची असते. या दोन गोष्टींतला फरक परीक्षेत लिहिता येणे वेगळे आणि समोरचा माणूस ‘कुणाला सांगू नका हां’ म्हणत असताना पाळता येणे वेगळे.

रेवसच्या किनाऱ्यावर काय करता येईल

२०२१-२२ मध्ये अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालयाला शिक्षणाची जोड मिळाली. रेवसपासून ते वीस-पंचवीस किलोमीटरवर. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण दोन पातळ्यांवर बांधता येईल. पहिले काही महिने अलिबागला मेडिसिन, स्त्रीरोग, क्षयरोग, एचआयव्ही समुपदेशन केंद्र आणि मनोविकार विभाग यांत आळीपाळीने. त्यानंतर आठवड्यातले ठरावीक दिवस किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत, आशाताईंबरोबर. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी वरिष्ठांसमोर आपले रुग्ण मांडायचे.

वेळापत्रक इथल्या कामाच्या ऋतूंप्रमाणे हवे. पावसाळ्यातील मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला लागतात. दवाखान्यात सहसा न फिरकणारे पुरुष तेव्हा घरी असतात. कमाई थांबलेली असते, कर्जाची चिंता असते, काहींची दारूही वाढते. ऑक्टोबरमध्ये जो रुग्ण भेटणार नाही, तो जुलैमध्ये भेटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. घराचे छप्पर, बोट, माड गेलेल्या माणसाला पंचनाम्याइतकीच दिलाशाचीही गरज असते. संकटानंतर कसे बोलावे आणि केव्हा नुसते ऐकावे, हे आधीपासून शिकलेली स्थानिक मुले-मुली असली तर बाहेरून पथक येण्याची वाट पाहावी लागत नाही.

खर्चाचा मुद्दाही आहे. दुपारची एसटी, जेवण, राहण्याची खोली यांसाठी विद्यावेतन नसेल, तर अशी कामे फक्त ऐपतदार घरची मुले करतील. मग कोळी-आगरी, आदिवासी घरांतील, रुग्णाची बोली जन्मापासून जाणणारी मुले आधीच गळतील. ज्यांची सर्वाधिक गरज तीच दाराबाहेर राहतील.

प्रवेशाआधी विचारा

मानसशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने आणि पालकांनी काही प्रश्न आधीच विचारावेत. प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास? कोणत्या विभागांत? देखरेख कोण करणार, त्यांची नोंदणी कुठे आहे आणि आठवड्यातून किती वेळ देणार? अडचणीच्या रुग्णाबाबत फोन कुणाला करायचा? या प्रश्नांना नेमकी उत्तरे नसतील, तर प्रमाणपत्राचा कागद कितीही गुळगुळीत असो, पैसे वाया जाणार.

रुग्णांनीही एवढे जाणावे. समोर विद्यार्थी बसला असेल तर तसे तुम्हाला सांगितले गेले पाहिजे आणि नको म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. नको म्हटल्याने उपचार थांबत नाहीत. मात्र जमेल तेव्हा हो म्हणावे. तुम्ही मोकळेपणाने सांगितलेली एक अडचण त्या मुलाला दहा व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवते. आणि मन फारच खचले असेल, घरात कुणी टोकाचे बोलत असेल, तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नये. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.